धसकटांचा आवा

पोटची लेकरं जगत नाहीत म्हटल्यावर आमच्याकडची आई पुढच्या लेकराचं नाव मुद्दाम वाईट ठेवते. नजर लागू नये, यमानंही तोंड वाकडं करून पुढं जावं. कडूबाईचं नाव असंच पडलं. यम पुढं गेला खरा, पण नाव बाईच्या जिभेवर येऊन बसलं. ताडकळसच्या बाजारात कुणी तिच्या मडक्याला टिचकी मारून तोंड वेंगाडलं, की ही म्हणायची, "वाजीव की बाबा, मडकं खुशाल वाजीव. मंग तुझं डोस्कं बी वाजवून बघ. भद्द आवाज कुनाचा येतोय ते कळंल." गिऱ्हाईक हसत हसत दोन मडकी जास्त घेऊन जायचं.

ही बन्सीधर कुंभाराची बायको आणि लिंबाजी कुंभाराची सून. गाव ताडकळसच्या अलीकडचं, बाजाराला पायी जाता येईल असं. घरात माणसं तीनच. बन्सीधर चाकावर बसायचा. हाताला इमान आणि तोंडाला कुलूप. लिंबाजी म्हणजे आवा रचण्यातला उस्ताद. आवा म्हणजे कच्ची मडकी भाजायची जागा. उघड्या जमिनीवर मडक्यांची रास लावायची, मधेमधे बाभळीची लाकडं आणि गवऱ्या खुपसायच्या, वरून गवत-मातीचं पांघरूण घालायचं आणि खालून विस्तू लावायचा. तीन पिढ्या लिंबाजीच्या घरात असंच चाललेलं. अंगणात एक मोठा लिंब होता, कडुलिंब, आणि गावातली टवाळ माणसं म्हणायची, "लिंबाजीच्या घरी कडू बी हाय, लिंब बी हाय, आता फक्त ताप यायचा राहिलाय."

कुंभाराच्या चाकाला बाईनं हात लावायचा नाही, असा रिवाज. बाकी सगळं मात्र बाईनंच करायचं. माती आणायची, चाळायची, घोड्याची लीद घालून तुडवायची, भाजायची लाकडं डोक्यावर वाहायची. ह्या लाकडांवरूनच पुढचं रामायण घडलं.

कडूबाई लग्न होऊन आली तेव्हा बाभळी घराच्या पाठीमागंच होत्या. मग त्या ओढ्यापलीकडं गेल्या, मग गायरानाच्या टोकाला. बाभूळ काय चालत जाते का? नाही. तुटत जाते. दरसाल मोळी घेऊन यायची वाट लांबत चालली, आणि ही गोष्ट पंचायतीच्या कुठल्याही माणसाच्या आधी कडूबाईच्या मानेला कळली होती. ती एकदा सासऱ्याला म्हणालीही, "मामा, आपुन बाभळी खाऊन ऱ्हायलोत." लिंबाजी म्हणाला, "कुंभार बाभूळ खातो आन् गाव कुंभाराच्या रांजनातलं पानी पितं. चालायचंच."

पण चाललं नाही. ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं वादळ उठल्यानंतरचं पाच-सहावं साल असेल. मोर्चा निघाला की एस्ट्या बंद व्हायच्या आणि गावं जागच्या जागी थांबायची. अशाच एका बंदच्या दिवशी, गावात तमाम माणूस सापडतंय म्हणून सरपंच भगवानरावांनी पारावर सभा बोलावली. माणूस वाईट नव्हता, खरं तेच बोलला. "गायरानात बोटावर मोजण्याइतक्या बाभळी ऱ्हायल्यात. जनावरांना उभं ऱ्हायला सावली न्हाई. आजपासून गायरानातल्या झाडाला कुऱ्हाड लावायची न्हाई. कुनीच न्हाई. लिंबाजी, तुमी बी न्हाई."

लिंबाजी उठून उभा राहिला. "मंग आखितीला करा-केळी कशावर भाजू? माझ्या हाडांवर?"

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी घरोघर गेलेल्यांच्या नावानं पाणी भरायचं, पुरुषांच्या नावानं करा आणि बायांच्या नावानं केळी. दोन्ही मडकी नवी लागतात, आणि ती गावाच्या कुंभारानंच द्यायची असतात.

"आखितीचं औंदा परगावाहून मागवू," भगवानराव म्हणाले. "ट्रकनं येत्यात आता मडकी."

हे ऐकलं आणि लिंबाजीचं तोंड राखेसारखं झालं. गावच्या पितरांनी परगावच्या मडक्यातलं पाणी प्यायचं! एकदा ट्रक आला की तो दरसाल येणार, आणि मग लिंबाजीच्या घराला गावात कोण विचारणार? तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून, डोक्यावरचा पदर न ढळू देता, कडूबाई मोठ्यानं बोलली.

"ट्रक कामून? आमी देऊ की. झाडाची एक काडी न लावता देऊ."

घरी येईपर्यंत लिंबाजी वाटभर बडबडत होता. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हनत्यात ते खोटं न्हाई. कुंभाराची सून, आन् चारचौघांत कुंभाराच्याच चुलीत पानी वतून आली!" कडूबाई बोलून तर बसली होती, पण झाडाच्या काडीशिवाय आवा भाजायचा कसा, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ठक्क आवाज आला म्हणून ती धावत बाहेर आली. लिंबाजी लिंबाखाली कुऱ्हाड घेऊन उभा. बुंध्यावर एक घाव पडलेला.

"मामा! काय करायलाव?"

"गायरानातलं झाड तोडायचं न्हाई ना? मंग घरचं तोडायलोय. आखितीचा आवा माझ्या झाडावर भाजीन. कुनाच्या बापाचं काय जातं?"

हा लिंब लिंबाजीच्या बायकोनं लावलेला. कस्तुराबाई. मातीनं भरलेले हात धुतलेलं पाणी ती बाई रोज त्या रोपाला घालायची, आणि रोपाचं झाड झाल्यावर एका उन्हाळ्यात त्याच्याच सावलीत तिनं डोळे मिटले. लिंबाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी माणूस हटत नव्हता. गावाला करा-केळी न देता जगणं त्याला बायकोचं झाड तोडण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

कडूबाई बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "तोडा. पर आधी एक सांगा. कच्चं मडकं उन्हात ठिवलं की तडकतं, हे तुमीच शिकीवलं ना मला? औंदाचा आवा ह्या लिंबावर भाजाल, पुढच्या सालची मडकी कुठं वाळवाल? तुमच्या पागोट्याच्या सावलीत?"

लिंबाजीची नजर लिंबाखाली वाळत घातलेल्या मडक्यांवर गेली.

"मला एक आवा द्या मामा. एकच. कच्चा निघाला तर कुऱ्हाड मीच तुमच्या हातात देते, आन् झाड बी मीच धरते."

बन्सीधरचं चाक थांबलं होतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बापासमोर तोंड उघडलं आणि म्हणाला, "द्या की, दादा."

म्हाताऱ्यानं कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवली. "ही हितनं हलनार न्हाई. आखितीच्या आधी मला माझा आवा लावायला सवड ऱ्हायली पाहिजे, येवढ्या आधी तुझा आवा लाव. तुझा फसला की हिचं काम सुरू." झालं. त्या दिवसापासून येताजाता कडूबाईला आधी ती कुऱ्हाड दिसायची, मग झाड.

आता जाळायचं काय? कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या लोकांच्या चुलीला लागतात, त्या कोण देणार? कडबा जनावरांचा. गवऱ्यांनाही घरोघर मागणी. कडूबाई शिवारभर हिंडली आणि बायनाबाईच्या रानात येऊन थांबली. बायनाबाई म्हणजे शेजारची शेतकरीण, तोंडानं भांडखोर आणि हातानं सढळ. तिच्या बांधावर धसकटांचा ढीग पेटवलेला. ज्वारी कापून नेली की रानात मुळासकट जी खुंटं उरतात ती धसकटं. पायाला बोचतात, वखराला अडकतात, म्हणून बाया ती उपटतात आणि बांधावर जाळून टाकतात. कुणालाच नको असलेली चीज.

"बायनाबाई, तुमची धसकटं मला द्या."

"आगं माय! मागायचीच तर जवारी माग की. धसकटं कामून मागायलीस, येडी झालीस का?"

"येडी तर झालेच हाय. आता आवा भाजून घिते आन् मंग शानी व्हते."

बायनाबाईनं शिवारात डांगोरा पिटला, की कडूबाईला धसकटं पाहिजेत, बदल्यात ती करा-केळी देणार आहे. बायांना काय, रान फुकटात साफ होत होतं आणि मडकीही मिळत होती. भाऱ्यावर भारे येऊन पडू लागले.

माघात कडूबाईनं एक लहान आवा लावून पाहिला. झाकण्या, पणत्या, दोन-चार लोटकी. सासऱ्याच्याच पद्धतीनं उघड्यावर रास रचली, फक्त लाकडाच्या जागी धसकटं कोंबली. पेटली तर अशी पेटली की बन्सीधर दोन पावलं मागं सरला. भडका डोक्याएवढा, आणि घटकाभरात सगळं थंड. उकरून पाहिलं तर वरची भांडी तडकलेली आणि खालची काळीठिक्कर, निम्मी कच्ची. कच्चं मडकं पाण्यात टाकलं की परत माती होतं, चाकावर परत चढतं. अर्धवट भाजलेलं मडकं ना माती राहतं, ना मडकं होतं. सगळं वाया गेलं.

लिंबाजीनं एक काळी झाकणी उचलली, बोटानं दाबून तिचा भुगा केला आणि लिंबाला टेकवलेल्या कुऱ्हाडीकडं नुसतं पाहिलं.

कडूबाई चुलीपुढं बसून रडली, चांगली हमसून रडली. मग नाक पुसलं, पदर खोचला आणि राख चिवडायला बसली. राखेत मातीची ढेकळं निघाली, भाजून कडक झालेली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की धसकटाच्या मुळाला रानाची काळी माती चिकटलेली असते. ती न झटकताच तिनं धसकटं कोंबली होती. मातीनं वारा कोंडला आणि खालचा जाळ गुदमरला. "कुंभाराची सून," ती स्वतःलाच म्हणाली, "आन् मातीनंच फसले. शाब्बास गं कडे!"

पण वरच्या भडक्याचं काय? बाभूळ दमादमानं जळते, धसकट आलं तसं पळतं. त्याचं उत्तर तिला बायनाबाईच्याच मळ्यात सापडलं. फाल्गुनात तिथं गुऱ्हाळ चालू होतं आणि कडूबाई रसाचा तांब्या घेऊन चुलवाणापाशी बसली. चुलवाण म्हणजे गुळाच्या काहिलीखालची मोठी, भिंतीची चूल. एक माणूस तिच्या तोंडातून उसाची वाळकी चिपाडं सारत होता. मूठभर आत, दमानं, परत मूठभर. चिपाड तर धसकटापेक्षा हलकं! तरी वर तेवढी मोठी काहील रटरटा उकळत होती. कडूबाईच्या हातातला रस तसाच राहिला.

"बायनाबाई, हे चिपाड येवढं हलकं, मंग पळून का जात न्हाई वं?"

"पळंल कुठं? चारी बाजूंनी भित हाय की. भायेर जायला जागाच न्हाई."

"हां!" कडूबाई म्हणाली आणि तांब्या तिथंच ठेवून घराकडं पळाली.

कुंभाराच्या घरामागं फुटक्या मडक्यांचा ढीग असतोच. लिंबाजीच्या घरामागचा ढीग तर त्याच्या आज्यापासूनचा. कडूबाईनं ती खापरं वाहून आणली आणि चिखलात एकावर एक बसवून आव्याच्या जागेभोवती गोल भिंत उचलली, छातीएवढी. खाली जाळ सारायला तोंडं ठेवली, मधे बघायला एक भोक. लिंबाजी लांबून म्हणाला, "आव्याला भित! माझ्या आज्यानं बघितलं असतं तर थुंकला असता."

"तुमच्या आज्याचंच खापर बसीवलंय मामा खालच्या थराला. थुंकायचं आसंल तर आतूनच थुंकंल."

म्हातारा हसू दाबत निघून गेला.

धसकटं आता ती एकेक करून दगडावर आपटायची. तळहात फाटले. बन्सीधर चाकावरून उठून मुकाट्यानं तिच्या शेजारी बसायचा आणि आपटायला लागायचा.

चैत्राच्या मध्याला, भल्या पहाटे, नारळ फोडून आवा पेटवला. आत गावाची सगळी करा-केळी. बाभळीच्या आव्याला विस्तू लावला की माणूस निवांत जाऊन झोपतो. हा आवा तान्ह्या लेकरासारखा, सारखा घास मागणारा. हळूहळू सुरुवात, मग वाढवत न्यायचं. बन्सीधर एका तोंडाशी, कडूबाई दुसऱ्या तोंडाशी. भुवया जळाल्या, ओठ फुटले. बायनाबाई मधूनच आली आणि "झालं का गं?" म्हणाली, तर कडूबाई तिच्यावर खेकसली, "जळत्या आव्याला झालं का म्हनून इचारत न्हाईत! जा, पानी आन!" आणि भिंत काम करत होती. वर भडका नव्हता, धूरही थोडा, सगळी धग आत.

दिवस कलला तसा ढीग संपत आला. शेवटचा भारा गेला. कडूबाईनं भोकातून पाहिलं. मडकी लाल झाली होती, पण पाहिजे तेवढी झाली होती का? हा रंग ओळखणारा डोळा घरात एकच होता आणि तो सकाळपासून लिंबाखाली, कुऱ्हाडीशेजारी पाठमोरा बसलेला.

"मामा," ती म्हणाली. "एकदा बघता का?"

लिंबाजी उठला. भोकाला डोळा लावला.

"रंग धरलाय," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, "पर अजून चार घास लागत्यात."

घास तर संपले होते. अंगणात एक काडी नव्हती. बायनाबाई रानाकडं पळत सुटली, पण रान लांब. आव्याला थांबवता येत नाही, उतरला की उतरलाच. लिंबाजी वळला आणि त्यानं बुंध्याची कुऱ्हाड उचलली.

कडूबाईनं डोळे मिटले. शब्द दिला होता. आता झाड धरायचं होतं. ती उठून लिंबाकडं गेली आणि दोन्ही हातांनी बुंधा धरला.

घाव पडला, पण झाडावर नाही. आवाज घरातून आला. लिंबाजी आपली बाज फोडत होता. कस्तुराबाईनं माहेराहून आंदण आणलेली बाज, जिच्यावर म्हातारा रोज निजायचा आणि दुसऱ्या कुणाला टेकूसुद्धा द्यायचा नाही. तिचे आडवे गाते, तिचे पाय, सगळं फोडून कवळ्यात घेऊन तो आला आणि आव्याच्या तोंडाशी गुडघ्यावर बसला.

"मामा! आत्याबाईची बाज..."

"तिचं झाड वाचवायचं तर तिची बाज जानारच की. तूच म्हनलीस ना, झाडाची काडी लावनार न्हाई? हे झाड न्हाई, माझं अंथरून हाय. सार आत!"

तो स्वतः घास देत गेला, एकेक, चुलवाणावरच्या माणसासारखा. सगळं संपल्यावर त्यानं कुऱ्हाड पालथी करून दगडावर ठोकली, पातं वेगळं काढलं आणि दांडाही आत सारला. "जा लेका," त्या दांड्याला म्हणाला, "गोताच्या कामाला ये एकदा." मग त्यानंच ओल्या मातीनं तोंडं लिंपून बंद केली.

आवा निवल्यावर पहिलं मडकं लिंबाजीनं काढलं. टिचकी मारली. घंटेसारखा टणत्कार अंगणभर घुमला आणि बन्सीधर, तो मुका बन्सीधर, लहान लेकरासारखा टाळ्या पिटायला लागला. काही फुटली, काही डागाळली, तरी गावाला पुरून उरली. आखितीला पहिली केळी कस्तुराबाईच्या नावानं भरून लिंबाखाली ठेवली. भगवानराव स्वतः मडकी न्यायला आले. लिंबाजी त्यांना म्हणाला, "ट्रकवाल्याला सांगा, गाव चुकलं म्हनून."

त्यानंतर त्या घरात बाभूळ जळाली नाही. चुडाव्याकडचे कुंभार रेल्वेनं आणि एस्टीनं भिंत बघायला यायचे, आणि कडूबाई प्रत्येकाला आधी धसकटं आपटायला बसवायची, मग सांगायची. लिंबाजी तेव्हापासून जमिनीवरच निजला. बन्सीधरनं नवी बाज करतो म्हटलं, तर म्हणाला, "परत आवा अडला तर मोडावी लागंल, कशाला उगं?"

नामांतर झालं त्या साली म्हातारा गेला. जायच्या आधी सांगून गेला, "मला जाळायला ह्या लिंबाची फांदी बी तोडायची न्हाई. गवऱ्या घाला, धसकटं घाला. घासाघासानं जळतो मी." तसंच केलं. बन्सीधरनं खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेरा घातला, त्यांच्याच आव्यातलं मडकं, आणि रिवाजाप्रमाणं मागं टाकून फोडलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुरुष गेले, तर त्यांच्या मागं कडूबाई. तिनं त्या फुटक्या मडक्याची खापरं वेचून पदरात घेतली. बायनाबाई वाटेतच किंचाळली, "आगं माय! मसनातलं खापर घरला नेतीस?"

"घरला न्हाई," कडूबाई म्हणाली. "आव्याला."

तिनं चिखल कालवला आणि ती खापरं भिंतीत बसवली, बघायच्या भोकाच्या अगदी शेजारी. हात फिरवून चिखल सारखा केला. आणि मग, आयुष्यभर ज्याच्यासमोर पदर सावरून बोलली त्याच्याशी पहिल्यांदाच उघड्या तोंडानं, रडत रडत बोलली.

"बसा आता हितं, मामा. रंग तुमालाच कळतो."